सदर वस्तू वाहन नाही

आमच्या शहराच्या नकाशावर जुन्या बाजारापासून टेकडीवर जाणारा एक रस्ता आहे. त्याचा चढ अठ्ठावन्न मीटर. हा आकडा मला पाठ आहे, कारण तो नकाशावर मीच लिहिला आहे. नगरपालिकेच्या नकाशा विभागात माझी चोवीस वर्षं गेली. आकडा लिहिला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. नकाशावर अठ्ठावन्न मीटर म्हणजे नखाएवढ्या जागेत उंची दाखवणाऱ्या पाच-सहा तपकिरी रेषा. मग गेल्या वर्षी आमचं अख्खं कार्यालय उचलून सर्वांत वरच्या रेषेवर नेऊन ठेवलं, आणि त्या रेषांची आणि माझी प्रत्यक्ष ओळख झाली.

माझ्याकडे माउंटन बाइक होती. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर "हालचाल वाढवा" म्हणाले, त्या झटक्यात घेतलेली. एकवीस गिअर, जाड टायर, खास डोंगर चढण्यासाठी बनवलेली. पहिला महिना संपला तशी ती गॅलरीत उभी राहिली आणि तिच्यावर घरातले ओले टॉवेल चढले. तेवढंच काय ते गिर्यारोहण.

कार्यालय वर गेलं त्या आठवड्यात मी टॉवेल उतरवले आणि सायकल काढली. पहिल्या रेषेपर्यंत मी सायकलवर होतो. तिसऱ्या रेषेपर्यंत सायकलबरोबर होतो. पाचव्या रेषेनंतर सायकल मला धरून नेत होती. मी कार्यालयात शिरलो तेव्हा साहेबांनी पंखा लावला आणि बाकीच्यांना सांगितलं, "यांच्याशी दहा मिनिटं कोणी बोलू नका." एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण जमिनीचा उतारा मागायला आलेले एक आजोबा, माझ्याहून किमान पंचवीस वर्षांनी मोठे, उठून उभे राहिले आणि मला त्यांनी आपली खुर्ची दिली. मी बसलोसुद्धा. बसल्यावर लाज वाटली, पण तोवर उठायचं बळ नव्हतं.

बस होती. पण बसने गेलो असतो तर त्या आजोबांनी मला खुर्ची दिली ते बरोबरच ठरलं असतं.

साध्या सायकलला मोटर बसवता येते हे मला पेपरातल्या एका जाहिरातीने सांगितलं. मागचं चाक काढायचं, त्याजागी मोटर असलेलं चाक घालायचं, बॅटरी लावायची, चार तारा जोडायच्या. "कोणालाही जमेल असे," हे त्यातलं वाक्य. कोणालाही म्हणजे मलाही, असा मी त्याचा अर्थ काढला. आमच्या घराण्यात असा अर्थ काढायची पद्धत नाही.

त्याचं कारण दादा. दादा माझा थोरला भाऊ. मोठ्या कारखान्यात फोरमन होता, आता निवृत्त झालाय, पण खिशातला पाना अजून निवृत्त झालेला नाही. मी दहा वर्षांचा असताना घरातलं गजराचं घड्याळ उघडून परत जोडलं होतं. जोडल्यावर तीन चाकं उरली. तरी घड्याळ चालत होतं, फक्त दिवसाला चार तास पुढे जायचं. दादाने एका दुपारात ते दुरुस्त केलं आणि तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली. वस्तूंना दादाने हात लावायचा, मी कागदांना.

रविवारी दादाकडे जेवायला गेलो असताना मी मोटरची गोष्ट सहज काढल्यासारखी काढली.

"छान कल्पना आहे," दादा म्हणाला. "सामान आलं की फोन कर. मी येऊन बसवून देतो. तू हात लावू नकोस."

"मीच बसवणार आहे."

 वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि दोघींनी एकदमच आमटी वाढायला घेतली.

"बसव की," दादा प्रेमाने म्हणाला. "काही उरलं तर पिशवीत घालून ठेव. फेकू नकोस."

हे प्रेमच वाईट. माणूस टोमणा मारतो तेव्हा उलट टोमणा मारता येतो. प्रेमाने बोलला की काय करणार? घरी येताना मी बायकोला म्हटलं, "या बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने बनवणार."

"बनवा," ती म्हणाली. "पण पुढच्या खोलीत नको."

सामान मागवायचं तर चाकाचं माप द्यावं लागतं. मी नकाशावाला माणूस, मोजमापात आमचा हात कोण धरणार? बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, दोनदा मोजलं, अठ्ठावीस इंच. ऐटीत तसं लिहून पाठवलं. दहा दिवसांनी भलं मोठं खोकं आलं, आणि त्यातलं चाक सायकलच्या मागच्या चिमट्यात अजिबात जाईना. मी ढकललं, बायकोने सायकल धरली, चाक मध्येच अडून राहिलं.

"टेप कुठली घेतली होती?" बायकोने विचारलं.

"तुझ्या डब्यातली. पिवळी."

"तिचे सुरुवातीचे दोन इंच कधीच फाटून गेले आहेत. मी तिसऱ्यापासूनच मोजते."

"मग सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत तुम्ही सायकलसाठी ब्लाउजची टेप घ्याल!"

चाक परत पाठवायला कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी फारच नम्र होती. ती म्हणाली, चाक बदलून मिळेल, पण चाकाचा फोटो पाठवा, बाजूला ओळखपत्र धरून.

"कोणाचं? चाकाचं की माझं?"

"आपलं, सर. आणि चेहरा दिसला पाहिजे."

तो फोटो बायकोने काढला. एका हातात चाक, दुसऱ्या हातात ओळखपत्र, चेहऱ्यावर जे काही उरलं होतं ते. बायकोने तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला नाही असं ती म्हणते. पण दुसऱ्याच दिवशी दादाचा निरोप आला, "चाक छान आहे."

सव्वीस इंची चाक आलं त्या शनिवारी सकाळी मी इमारतीच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं आणि कामाला बसलो. माणूस पार्किंगमध्ये हत्यारं मांडून बसला की आपोआप सभा भरते. आमच्या तळमजल्यावर एक निवृत्त वीज निरीक्षक राहतात. त्यांना इमारतीत सगळे शॉकसाहेब म्हणतात. त्यांच्यासमोर मात्र नुसतं साहेब. ते घरातून स्वतःची खुर्ची घेऊन आले.

"अर्थिंगचं काय केलंत?" पहिला प्रश्न.

"साहेब, सायकलला अर्थिंग?"

"मागे एका माणसाने हेच विचारलं होतं."

"मग?"

"वारले ते."

शॉकसाहेबांच्या सगळ्या गोष्टींचा शेवट एकच असतो. ओल्या हाताने बटण दाबणारे वारले, उशीखाली चार्जर ठेवणारे वारले, आणि एक गृहस्थ तर सगळे नियम पाळूनही वारले, पण ते वयोमानाने. मधूनमधून मला आपलंही काही खरं नाही असं वाटत होतं, पण पाना सोडला नाही. जुन्या चाकावरचं फ्रीव्हील, म्हणजे चेन ज्या दात्यांवर बसते तो गोल, काही केल्या निघेना. ते नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेलं. त्याने ते एका झटक्यात काढलं आणि म्हणाला, "कुठे या भानगडीत पडता? एक दिवस इथे सोडा." असलं वाक्य मी दादाकडूनही ऐकलं होतं. मी फ्रीव्हील रुमालात गुंडाळलं आणि ताठ मानेने बाहेर पडलो. रुमाल ग्रीसमुळे वाया गेला.

चाक बसलं. आस फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावल्या. बॅटरी मधल्या नळीवर बसली, तिच्याखाली कंट्रोलर नावाची डबी, हँडलच्या उजव्या बाजूला फिरवायची मूठ. राहिल्या तारा. माहितीपुस्तिकेत तारांची आकृती होती, पण पुस्तिका काळ्या-पांढऱ्या रंगात छापलेली असल्यामुळे त्यातली पिवळी तारही राखाडी, निळीही राखाडी आणि हिरवीही राखाडी. मी साधा विचार केला. पिवळीला पिवळी, निळीला निळी, हिरवीला हिरवी. यात चूक व्हायला जागाच कुठे आहे?

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं, "प्रथम चाक हवेत ठेवून फिरवून पाहावे." हे मी नंतर वाचलं. अकरावं आणि बारावं पान चिकटलेलं होतं.

मी सायकलवर बसलो. शॉकसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. बायको गॅलरीत आली. दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी नेमके तेव्हा नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीची सूचना लावत होते. मी मूठ फिरवली आणि सायकल निघाली.

मागे निघाली.

सायकल मागे जाते तेव्हा पॅडलंही उलटी फिरतात हे शास्त्र मला माझ्या नडगीने शिकवलं. पहिल्या फटक्याला मी ओरडलो, आणि ओरडताना माणूस हातातलं काही सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. मूठ पूर्ण फिरली. मागून सेक्रेटरींचा आवाज आला, "अहो, अहो, पुढे, पुढे!" पुढे जायची माझीही मनापासून इच्छा होती. आम्ही तिघे, मी, सायकल आणि शेवटी सेक्रेटरी, नोटीस बोर्डाला लागलो. बोर्ड खाली आला. सेक्रेटरींना काही झालं नाही. ते बोर्डाच्या चौकटीच्या बरोबर मध्ये उभे होते आणि त्यांच्या गळ्यात पाण्याच्या टाकीची सूचना होती.

"वारले नाहीत," शॉकसाहेब म्हणाले. मला वाटतं त्यांना बरंच वाटलं असावं. पण खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. सेक्रेटरींनी ठराव वाचला, "इमारतीच्या आवारात मागे जाणाऱ्या वाहनांस बंदी." कोणीतरी विचारलं, मग मोटारी बाहेर कशा काढायच्या? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. मोटर लावलेली सायकल हे वाहन आहे की नाही हे आधी स्पष्ट व्हावं. मी परिवहन कार्यालयाचं लेखी पत्र आणावं. तोपर्यंत सायकल आवारात चालवायची नाही आणि बॅटरी तळमजल्यावर शॉकसाहेबांच्या देखरेखीखाली ठेवायची.

पण पत्र नंतर. आधी ती पुढे तर जायला हवी. नडगीला पट्टी बांधून मी दोन संध्याकाळी तारा उलटसुलट करून पाहिल्या. कधी चाक मागे फिरे, कधी थंडी भरल्यासारखं जागच्या जागी थरथरे. नेमकं काय काय करून झालं हेच मला आठवेना. तिसऱ्या दिवशी बायको पार्किंगमध्ये आली आणि म्हणाली, "भाऊजींना फोन करू?"

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्यामुळे मी अर्धवट 'हो' म्हणणार होतो. शॉकसाहेब कुलूपबंद बॅटरीची किल्ली बोटावर फिरवत होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी एकच गोष्ट लोकांना सांगत आलो. एका वेळी एकच तार बदला, आणि लिहून ठेवा. कोणी लिहीत नाही."

"न लिहिणारे वारले?" मी विचारलं.

"नाही. ते वायरमन झाले."

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. लिहून ठेवणं! मी आयुष्यभर दुसरं केलंय काय? दादाला पाना धरता येतो, मान्य. पण गुंतागुंतीच्या मुलखात कुठली वाट कुठे जाते हे कागदावर मांडणं हा माझा धंदा आहे. मी घरी गेलो, जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि त्या सायकलचा नकाशा काढला. तीन जाड तारा म्हणजे राजमार्ग. त्याच रंगांच्या तीन बारीक तारा म्हणजे पायवाटा. कंट्रोलर म्हणजे मुख्य ठाणं. राजमार्ग सहा प्रकारे जोडता येतात, पायवाटाही सहा प्रकारे, म्हणजे एकूण छत्तीस वाटा. प्रत्येकीला क्रमांक दिला. कोपऱ्यात सूची लिहिली. उत्तर दिशाही दाखवली. तिची गरज नव्हती, पण उत्तर दिशा नसलेला नकाशा माझ्या हातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सायकल उलटी करून, चाक आभाळाकडे ठेवून, मी पहिल्या वाटेने निघालो. मी तार बदलायची, बायकोने मूठ फिरवायची, शॉकसाहेबांनी मोठ्याने निकाल सांगायचा. "थरथर!" मी नकाशावर खूण करायची. "मागे!" खूण. "थरथर!" खूण. आवाज ऐकून वरच्या मजल्यावरून दोघंतिघं खाली आले. सहाव्या वाटेपर्यंत ते हसत होते. आठव्या वाटेला एकाने विचारलं, "आता किती राहिल्या?" दहाव्या वाटेला सेक्रेटरी जिन्यात उभे होते, आपण बघत नाही असं दाखवत.

अकराव्या वाटेला चाक हलकेच गुणगुणलं आणि फिरू लागलं. न थरथरता, एकसारखं.

 शॉकसाहेब खुर्चीतून उठले, वाकले, चाक कुठल्या दिशेने फिरतंय हे दोनदा तपासलं, आणि मग म्हणाले, "पुढे."

बायकोने मूठ सोडलीच नाही. कितीतरी वेळ ती ते चाक फिरवत उभी होती. मी नकाशावर अकरा नंबरच्या वाटेला लाल शाईने गोल केला. लाल शाई आम्ही फक्त मंजूर रस्त्यांना वापरतो.

आता पत्र. परिवहन कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी सायकलचा फोटो पाहिला आणि विचारलं, "पॅडल आहेत?"

"आहेत."

"मग सायकल. सायकल आमच्याकडे येत नाही. नगरपालिकेत जा. वाहतूक विभाग."

वाहतूक विभाग म्हणजे माझ्याच मजल्यावर, माझ्या टेबलापासून बावीस पावलांवर. तिथला कारकून आणि मी अकरा वर्षं एका डब्यात जेवतो. मी हसत त्याच्यापुढे कागद ठेवला. तो हसला नाही.

"टोकन?"

"अरे, मी आहे."

"ते दिसतंय. टोकन घेतलं का?"

मी खाली जाऊन टोकन घेतलं, सव्वा तास बाकावर बसलो, माझा नंबर आला. त्याने अर्ज वाचला. "मोटर आहे?"

"आहे."

"मग वाहन. परिवहन कार्यालय." शिक्का मारून त्याने कागद परत केला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "चल, जेवायची वेळ झाली." जेवताना माझ्या डब्यातली भाजी त्याने दोनदा घेतली. ती मात्र टोकनशिवाय.

मी परत तीन नंबरच्या खिडकीवर गेलो. बाईंनी शिक्का पाहिला, मला पाहिलं. मी म्हटलं, "बाई, मला परवाना नको, नोंदणी नको. कशाचीच गरज नाही एवढंच लिहून द्या."

"गरज नाही असं लिहून द्यायला आधी तपासणी लागते," बाई म्हणाल्या. "गुरुवारी साहेबांकडे सायकल घेऊन या."

गुरुवारी मी गेलो. तपासणी निरीक्षक निवृत्तीला आलेले, जाडजूड, कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी सायकलला एक फेरी घातली. वेग एका मर्यादेच्या पुढे गेला की मोटर आपोआप बंद पडली पाहिजे, हे त्यांना तपासायचं होतं. "चालवून दाखवा," ते म्हणाले. मग माझ्या नडगीवरच्या पट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं. "नको, मीच पाहतो."

"साहेब, आपल्याला सवय आहे?"

"शाळेत असताना रोज चालवायचो," असं म्हणून ते चढले, दोन्ही बाजूंना डुलले, मूठ फिरवली आणि फाटकातून बाहेर गेले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी फाटकात उभा. तीन नंबरच्या बाई खिडकी बंद करून बाहेर आल्या. "कुठे गेले?" मी विचारलं. "मला विचारताय?" त्या म्हणाल्या. "सायकल तुमची." पस्तीस मिनिटांनी माझ्या डोळ्यांपुढे एक स्पष्ट चित्र उभं राहिलं. कर्तव्य बजावताना जखमी झालेला अधिकारी, पोलीस, आणि पुराव्यात लाल शाईचा नकाशा. आयुष्यात पहिल्यांदाच मी काही बनवलं आणि त्याने सरकारी माणूस पळवला.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला ते आले. टाय खांद्यावर गेलेला, चेहरा लालबुंद, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला ते ओळखूच येईनात.

"घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "बायको दारात उभी होती. तिचा विश्वासच बसेना." मग भानावर येऊन त्यांनी टाय सरळ केला. "मर्यादेला मोटर बंद पडते. दोन्ही वेळा पाहिलं. उतारावर तिसऱ्यांदा पाहिलं." त्यांनी टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, सही केली, आणि देताना हळूच विचारलं, "बसवली कोणी?"

"मी."

"कुठल्या दुकानात?"

"पार्किंगमध्ये."

पत्रात चार ओळी होत्या. शेवटची होती, "सबब, सदर वस्तू वाहन नाही." समितीच्या बैठकीत सेक्रेटरींनी ती दोनदा वाचली. वस्तू आवारात आणायला कुठल्याच नियमाची हरकत नव्हती. शॉकसाहेबांनी बॅटरीची किल्ली माझ्या हातात दिली. "अधूनमधून बघायला येईन," ते म्हणाले, आणि आता रोज येतात.

सोमवारी मी टेकडीवर निघालो. पाय चालवत होतो, पण पायांना लागत काहीच नव्हतं. मागून कोणीतरी हलका हात देतंय असं वाटत होतं. पहिली रेषा गेली, तिसरी गेली. पाचव्या रेषेवर, जिथे पूर्वी माझी अब्रू जायची, तिथे मी चक्क शीळ घातली. वरून खाली येणारे आमचे साहेब गाडीची काच खाली करून पाहत राहिले. मी त्यांना एका हाताने नमस्कार केला. तो जरा जास्तच झाला, सायकल गटाराकडे वळली आणि मला कठड्याला पाय टेकवून थांबावं लागलं. पण घाम आला नव्हता. कार्यालयात जाऊन मी मुद्दाम उभ्यानेच काम केलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

त्या रविवारी दादा आला. कोणी बोलावलं नव्हतं. जाता जाता सहज आलो, म्हणाला, पण तो राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. चहा नको म्हणाला. आम्ही पार्किंगमध्ये गेलो. दादा सायकलपुढे उकिडवा बसला आणि खिशातून पाना काढला.

त्याने मागच्या चाकाचा नट पाहिला. पट्ट्या पाहिल्या, दोन्ही बाजूंच्या. बॅटरी हलवून पाहिली, ती हलली नाही. तारांवरून बोट फिरवत कंट्रोलरपर्यंत गेला आणि तिथून परत आला. मी श्वास रोखून उभा होतो. बावन्न वर्षांच्या माणसाने श्वास रोखू नये, पण भावापुढे माणूस कुठल्या वयाचा राहतो? दादाने पाना एका नटाला लावला, जोर दिला. नट हलला नाही. दुसऱ्याला लावला. तोही हलला नाही.

"सगळं घट्ट आहे," तो म्हणाला. जरा हिरमुसल्यासारखा.

मी त्याला नकाशा दाखवला. तो त्याने बराच वेळ पाहिला. अकरा नंबरच्या लाल गोलावर बोट ठेवून म्हणाला, "मी असतो तर इतकं लिहिलं नसतं. उगाच खुडबूड करत बसलो असतो." मग त्याने एक चक्कर मारली. मान ताठ, चेहरा गंभीर, फोरमनचा. दुसरी चक्कर त्याने विचारल्याशिवाय मारली. तिसऱ्या चक्करीनंतर उतरला, स्टँड लावला, पाना खिशात घातला, परत काढला, परत घातला.

"गुडघा त्रास देतो रे हल्ली," तो चाकाकडे बघत म्हणाला. "वहिनीला बोलू नकोस. बाजारापर्यंतसुद्धा दोनदा थांबावं लागतं. माझी कारखान्यातली सायकल अजून आहे. जुनी आहे, पण सांगाडा चांगला आहे." त्याने स्टँड उगाच पुन्हा तपासला. "तुला वेळ असेल तर बघ. नाहीतर मी करीन म्हणा. पण मला ते तारांचं..."

मी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. हा माणूस माझ्यामागे धावत मला सायकल शिकवताना एकदाही थांबला नव्हता.  अशा वेळी गप्प राहिलं तर पुढची पन्नास वर्षं पुन्हा तशीच जातात.

"पुढच्या शनिवारी येतो," मी म्हटलं. "एक अट आहे. मी काम करत असताना तू घरात बसायचं."

"घरात म्हणजे?"

"आत. बाहेर यायचं नाही, पाना काढायचा नाही, सल्ला द्यायचा नाही."

दादा विचारात पडला. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला याहून कठीण अट कोणी घातली नसेल. 

"खिडकीतून पाहिलं तर?"

"खिडकीतून चालेल," मी म्हटलं.